बॅटरी घ्यायची, पण कोणती?

रात्री दोन वाजता उसाला पाणी पाजणारा माणूस तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? शहरातल्या मित्रांना हे खरं वाटणार नाही. पण कराड, वाळवा, पलूस, शिराळा या भागात ज्यांची घरं रानात आहेत, त्यांना यात नवल वाटायचं काही कारण नाही. शेतातल्या मोटारीला लागते ती थ्री-फेज वीज. ती कधी दिवसा, तर कधी रात्री, अशी पाळीपाळीने येते. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी, त्या आठवड्यात झोपेचं खोबरं! लाइट आली की उठायचं, बांधावरून चालत मोटारीच्या पेटीपर्यंत जायचं, स्टार्टर दाबायचा आणि मग दारं धरायची. दारं धरायची म्हणजे काय? एका सरीचं पाणी पुरं झालं, की फावड्याने माती ओढून तिचं तोंड बंद करायचं आणि पाणी पुढच्या सरीत सोडायचं. अलीकडे सौर प्रकल्पांमुळे काही गावांना दिवसा वीज मिळू लागली आहे. पण रात्रीचं पाणी अजून पुरतं संपलेलं नाही.

अशा माणसाजवळ एक वस्तू हवीच, ती म्हणजे बॅटरी. पुस्तकात तिला विजेरी म्हणतात, शहरात टॉर्च म्हणतात. आमच्या सातारा-सांगलीकडे मात्र ती 'बॅटरी' आणि तिच्या पोटात घालायचे ते 'सेल'. या लेखात मीही तसंच म्हणणार आहे, बरं का.

माझ्या थोरल्या मामांची वस्ती शिराळा तालुक्यात, वारणेच्या बाजूला आहे. चारी बाजूंनी ऊस, मधे घर, गोठा आणि एक आंब्याचं झाड. मोटार घरापासून बरीच लांब. मामांची जुनी बॅटरी कामातून गेली, तेव्हा त्यांनी मला फर्मान सोडलं, "आता चांगली दणकट बॅटरी बघायची. हितनं मोटारीपतूर लख्ख दिसाय पायजे!"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. उसात बिबट्या असतो. मादी उसातच पिल्लं घालते, कारण तिच्या दृष्टीने ऊस म्हणजे दाट, गारव्याचं जंगलच. वरच्या अंगाला चांदोलीचं जंगल आहे. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तो सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरला आहे. त्या बाजूने गवे उतरतात, रानडुकरं येतात. मोटारीजवळ कोण उभं आहे, हे घरातूनच कळलं तर तिकडे जायचं की नाही ते ठरवता येतं. लांब पल्ल्याच्या बॅटरीचा हा खरा उपयोग.

तर मित्रांनो, पहिला प्रश्न आला तो असा, की 'लांब' म्हणजे नेमकं किती लांब? मामा म्हणाले, "लई लांब हाय." पण 'लई' हे काही माप नव्हे. मामांची धाकटी मुलगी आठवीत आहे. तिने आधी टेपने अंगणात दहा पावलं मोजली. ती सहा मीटर भरली. म्हणजे एक पाऊल साठ सेंटिमीटरचं. मग ती घरापासून मोटारीपर्यंत पावलं मोजत गेली. चारशे पावलं झाली. चारशे गुणिले साठ, म्हणजे चोवीस हजार सेंटिमीटर, म्हणजेच २४० मीटर. झालं! आता आमच्या हातात एक आकडा होता. बॅटरीच काय, कुठलीही वस्तू घेताना आधी असा एक आकडा हातात असावा. नाहीतर दुकानदार सांगेल तो आकडा आपला होतो.

दुकानात गेलात की खोक्यांवर दोन शब्द दिसतील, ल्युमेन आणि कँडेला. या दोघांत गल्लत करायची नाही. सोपं उदाहरण सांगतो. नळाला रबरी नळी लावली आहे आणि पाणी नळीतून पुढ्यातच पडतं आहे. आता नळीच्या तोंडावर अंगठा दाबा. धार लांब जाते की नाही? नळातून काही जास्त पाणी आलेलं नाही, पण ते बारीक वाटेने जोरात निघालं. बादलीत एकूण किती पाणी पडलं, ते झालं ल्युमेन. एका दिशेला धार किती जोरकस गेली, ते झालं कँडेला. बॅटरीतून निघणारा सगळा मिळून प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात. त्यातला किती प्रकाश एका दिशेला एकवटला, ते कँडेला सांगतं. अंगण उजळायचं असेल तर ल्युमेन बघा. लांबचं बघायचं असेल तर कँडेला बघा. हजार ल्युमेनची बॅटरी शंभर मीटरवर फिकी पडू शकते, आणि पाचशे ल्युमेनची चारशे मीटर गाठू शकते.

मग प्रकाशाच्या तोंडावर अंगठा कोण दाबतं? रिफ्लेक्टर, म्हणजे दिव्यामागची ती चकचकीत वाटी. तिचा आकार साध्या वाटीसारखा गोल नसतो. गणितात पुढच्या वर्गांत तुम्हाला 'अन्वस्त' नावाची वक्ररेषा भेटेल, तो तिचा आकार. या आकाराची गंमत अशी, की तिच्या नाभीवर दिवा ठेवला तर वाटीवर आपटलेले किरण एकमेकांना समांतर होऊन बाहेर पडतात. दिवा जितका बारीक आणि वाटी जितकी मोठी व खोल, तितकी धार घट्ट. म्हणून लांब पल्ल्याच्या बॅटरीचं डोकं मोठं असतं. अंगठ्याएवढ्या बॅटरीवर कुणी एक किलोमीटर छापलं असेल, तर आधी तिच्या डोक्याकडे बघावं.

आता दुसरी गोष्ट. प्रकाश जसजसा लांब जातो तसतसा तो पसरतो. अंतर दुप्पट झालं की प्रकाश निम्मा होत नाही, चौथाई होतो. अंतर तिप्पट केलं तर नववा हिस्सा उरतो. म्हणजे शंभर मीटर गाठणारी बॅटरी दोनशेला न्यायची तर दुप्पट नव्हे, चौपट कँडेला लागतात. म्हणून लांबच्या बॅटऱ्या झपाट्याने महाग होत जातात.

खोक्यावरचं 'इतके मीटर' कसं काढतात, तेही सांगतो. २००९ साली अमेरिकेत यासाठी एक नियम ठरला आणि बऱ्याच चांगल्या कंपन्या तो पाळतात. ज्या अंतरावर बॅटरीचा उजेड पाव लक्स उरतो, ते तिचं अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या रात्री मोकळ्या माळावर पडणारा उजेड. त्याचं गणित तोंडी करता येतं. कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा, की झाले मीटर. दहा हजार कँडेला असतील तर वर्गमूळ शंभर, दुप्पट दोनशे. म्हणजे दोनशे मीटर. वर्गमूळ कशाला शिकायचं, असं विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं!

आमच्या २४० मीटरला निम्मे १२० आणि १२० चा वर्ग १४,४००. म्हणजे एवढे कँडेला असले की काम झालं का? नाही. पौर्णिमेच्या उजेडात 'काहीतरी आहे' एवढं कळेल. ते वासरू आहे की कुत्रं, ते कळायचं नाही. शिवाय सेल नवे असताना मोजलेलं हे अंतर असतं. म्हणून माझा हिशोब सोपा आहे. जितकं लांबचं ओळखायचं, त्याच्या दुप्पट अंतर खोक्यावर असावं. म्हणजे निम्म्या अंतरावर चौपट उजेड मिळतो. आम्हाला हवी होती सुमारे ४८० मीटरची. ४८० चे निम्मे २४०, त्याचा वर्ग ५७,६००. कागदावर तेवढा आकडा लिहून आम्ही तिघं बाजारात गेलो.

पहिल्याच दुकानात एका स्वस्त बॅटरीवर '५ किलोमीटर' छापलेलं होतं. मामा खूश! मामेबहिणीने तिथेच वहीवर गणित मांडलं. पाच हजार मीटरचे निम्मे अडीच हजार, त्याचा वर्ग बासष्ट लाख पन्नास हजार कँडेला. आता तुलना बघा. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मोटारगाडीच्या सगळ्या हेडलाइटचा मिळून लांबचा झोत जास्तीत जास्त चार लाख तीस हजार कँडेला असू शकतो. म्हणजे त्या प्लॅस्टिकच्या नळीत चौदा मोटारगाड्या बसवल्या होत्या म्हणायच्या! दुकानदार भला माणूस होता. तोही हसला आणि म्हणाला, "छापणारा छापतोय, आम्ही इकतोय."

सेलच्या बाबतीतही असंच आहे. हल्ली चांगल्या बॅटरीत लिथियमचा सेल असतो. त्याच्यावर '१८६५०' असा आकडा दिसेल. तो काही गुप्त नंबर नाही. सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब आहे, एवढाच त्याचा अर्थ. शेवटचं शून्य तो दंडगोल असल्याचं सांगतं. या मापाच्या चांगल्या सेलमध्ये साधारण साडेतीन हजार मिलिअँपिअर-तास वीज मावते. कुणी त्यावर ९,९०० छापलं असेल तर समजावं, की दोन लिटरच्या कळशीत सहा लिटर पाणी भरल्याचा दावा चालला आहे.

बॅटरी किती तास चालेल, याचाही हिशोब करता येतो. ३.६ व्होल्ट गुणिले ३.४ अँपिअर-तास म्हणजे सुमारे १२ वॅट-तास. सहा वॅटचा दिवा त्यावर दोन तास जळेल. 'पूर्ण प्रकाशात बारा तास' असं कुणी सांगितलं, की ही गुणाकार-भागाकाराची पट्टी लावून बघा. खरं तर बहुतेक बॅटऱ्या सुरुवातीला झगझगीत पेटतात आणि काही मिनिटांत उजेड कमी करतात, कारण दिवा तापतो. वर सांगितलेल्या नियमात मूळचा उजेड दहावा हिस्सा उरेपर्यंतचा सगळा वेळ मोजतात. तेव्हा छापलेले तास म्हणजे झगझगाटाचे तास नव्हेत.

जुन्या पद्धतीच्या चार्जिंगच्या बॅटऱ्यांत शिशाचा सेल असतो. तो स्वस्त पडतो, पण पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिला की खराब होतो. साधे दीड व्होल्टचे सेल कुठल्याही वाडीत मिळतात, हा त्यांचा मोठा गुण. पण बॅटरी बरेच दिवस वापरायची नसेल तर ते काढून ठेवावेत, नाहीतर पाझरून आतले पत्रे खातात. लिथियमचा सेल फुगला, चेपला किंवा त्याचं वेष्टण फाटलं, तर तो वापरायचा नाही. तो फोडायचा नाही आणि आगीत तर मुळीच टाकायचा नाही.

पावसाचं काय? आपल्या दोन जिल्ह्यांत पावसाची दोन टोकं आहेत. महाबळेश्वर, पाटण, शिराळ्याच्या पश्चिमेला धो-धो. तर माण, खटाव, आटपाडी, जत इकडे पाण्यासाठी डोळे आभाळाकडे. जतच्या माळावर मेंढरं राखणाऱ्याला मोकळ्या रानात लांबवर झोत टाकता येतो. त्याला लांडग्याची धास्ती असते, म्हणून लांबची बॅटरी त्याला उपयोगी. पाटणच्या धुक्यात मात्र तीच बॅटरी लावली तर समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण पाण्याचे बारीक थेंब प्रकाश उलट आपल्याच डोळ्यांवर फेकतात. तिथे बॅटरी डोळ्यांपासून दूर, कमरेजवळ धरावी आणि उजेड कमी ठेवावा. पाऊसमानाच्या गावात खोक्यावर 'आयपी' हे अक्षर शोधा. आयपीएक्स ४ म्हणजे उडालेलं पाणी सोसेल. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास पडली तरी चालेल. पाटात पडणाऱ्या बॅटरीला दुसरी बरी.

एवढा सगळा अभ्यास करून आम्ही परत आलो तेव्हा मामी गोठ्यात धार काढत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मोटारीपतूरचं दिसंल. पायाखालचं काय?"

मित्रांनो, सगळ्या खोक्यांवर न छापलेला प्रश्न तो हाच!

मामी उगीच बोलल्या नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वस्तीवरच्या एका काकांना घोणस चावली होती. त्यांच्या हातात बॅटरी होती, आणि चांगली होती. पण झोत होता लांब मोटारीवर आणि घोणस होती बांधावर, पायापाशी. लोकांनी त्यांना ताबडतोब दवाखान्यात नेलं, सर्पविषावरची लस मिळाली, म्हणून ते वाचले. तरी दोन महिने काठी टेकत चालत होते.

शिराळ्याचं नाव काढलं की सगळ्यांना नागपंचमी आठवते. पण रानातल्या माणसाला नागाइतकीच घोणस, मण्यार आणि फुरसं यांची काळजी असते. हे चार आपल्याकडचे मुख्य विषारी साप. घोणस वाळक्या पाचटाच्या रंगाची असते आणि रात्री हिंडते. ती पळून जात नाही, जागच्या जागी पडून राहते. संशोधकांनी २००० ते २०१९ या वीस वर्षांचा अंदाज काढला, तेव्हा भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली असं दिसलं. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांतली बहुतेक खेड्यातली. बिबट्याची बातमी मोठ्या अक्षरांत येते आणि ती भीती खोटी नाही. पण हिशोब करायला बसलं, तर खरा धोका २४० मीटरवर नसतो, तो दीड-दोन मीटरवर असतो.

आणि लांब पल्ल्याची बॅटरी नेमकी इथेच कमी पडते. तिची धार घट्ट, म्हणून पायाशी ताटाएवढा झगझगीत गोल पडतो आणि भोवती काळोख. त्या झगझगाटाने आपले डोळे दिपतात. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात. ती कमाई एका क्षणात जाते. म्हणजे गोलाच्या बाहेरचं जे अंधुक दिसत होतं, तेही दिसेनासं होतं.

इथे मला कंदिलाची आठवण झाली. कराडचं रेल्वे स्टेशन ज्या ओगलेवाडीत आहे, तिथे ओगले बंधूंचा काचेचा कारखाना होता. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी किर्लोस्करवाडीप्रमाणे या उद्योगालाही आधार दिला. तिथला 'प्रभाकर कंदील' स्वदेशी वस्तू म्हणून घरोघर पोचला होता. कारखाना बंद पडला, नाव राहिलं. आता त्या कंदिलाचा उजेड तो किती! आजच्या खेळण्यातल्या बॅटरीपुढेही तो फिका. पण आपली आजोबा-पणजोबा मंडळी तो गुडघ्याजवळ धरून चालत. उजेड खालून आणि आडवा पडला की बारीक खड्याचीही लांब सावली पडते. सावली लांब, म्हणून उंचवटा ठळक. उलट कपाळावर बांधलेला दिवा आपल्या नजरेच्याच रेषेत उजेड टाकतो, त्यामुळे सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि जमीन सपाट दिसते. आजमावून बघा. जमिनीवर दोरी टाका. एकदा बॅटरी कपाळाशी धरा, एकदा गुडघ्याशी धरा. दोरी कधी चटकन दिसते ते तुम्हीच सांगाल.

डोक्यावरच्या दिव्याचा एक फायदा मात्र खरा आहे. दोन्ही हात मोकळे राहतात, आणि दारं धरताना फावडं एका हाताने चालत नाही. मग काय करायचं? मामांनी यावर तोड काढली. डोक्याच्या बॅटरीचा पट्टा त्यांनी कमरेला बांधला आणि दिवा थोडा खाली वळवला. हात मोकळे, उजेड पायाशी आणि सावल्याही लांब! ही बॅटरी फार तेज नको. शंभर-दीडशे ल्युमेन पुष्कळ झाले, पण उजेड पसरट हवा. रंग निळसर पांढऱ्यापेक्षा थोडा पिवळसर बरा. निळसर उजेडात माती, पाचट आणि घोणस यांचे तपकिरी रंग एकसारखेच दिसू लागतात.

मग लांबची बॅटरी घेतली की नाही? घेतली की! ४८० मीटरच्या आसपासची. घरातून निघण्याआधी तिचा झोत एकदा मोटारीवर, एकदा बांधावर आणि एकदा उसाच्या कडेने फिरवायचा. तेवढंच तिचं काम. त्या वेळी ती डोळ्यांजवळ धरायची. का, ते सांगतो. गाय, म्हैस, कुत्रा, मांजर, कोल्हा, बिबट्या यांच्या डोळ्यांत पडद्याच्या मागे आरशासारखा एक थर असतो. तो प्रकाश आला त्याच वाटेने परत पाठवतो. म्हणून बॅटरी आपल्या डोळ्यांच्या रेषेत असली, तर समोरचे डोळे चमकलेले दिसतात. माणसाला तो थर नाही. रानडुकरालाही नाही. आणि सापाचे डोळे तसे चमकतच नाहीत. तेव्हा 'काही चमकलं नाही, म्हणजे काही नाही' असं समजून कधीही पाऊल टाकू नका.

डोळे चमकले तर? तर तिकडे जायचं नाही, एवढंच. बॅटरी ही बघण्यासाठी आहे, पाठलाग करण्यासाठी नव्हे. बिबट्याच्या तोंडावर झोत मारत मोबाइलवर चित्र काढत बसणं म्हणजे त्याला आणि स्वतःला कोंडीत पकडणं. त्याला जायला वाट ठेवायची, सगळ्यांनी मिळून आवाज करायचा, घरात राहायचं आणि मोठ्यांनी वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवायचं. मुलांनी रात्री एकट्याने रानात जायचंच नाही. हे मी लेखाच्या मधे सांगत असलो, तरी पहिला नियम म्हणून लक्षात ठेवा. तसंच हा झोत माणसाच्या डोळ्यांवर मारायचा नाही, रस्त्यावरच्या मोटारसायकलवर मारायचा नाही. समोरचा माणूस क्षणभर आंधळा होतो. आणि उन्हाळा संपता संपता सह्याद्रीच्या झाडांवर काजवे लखलखतात, तेव्हा तर बॅटरी खिशातच ठेवा. काजव्याची मादी आणि नर एकमेकांना उजेडाने शोधतात. आपल्या झगमगाटात त्यांचे निरोप हरवतात.

आणि एवढी काळजी घेऊनही कुणाला साप चावलाच तर? जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरीने करकचून आवळायची नाही. चावलेला हात किंवा पाय हलवायचा नाही, माणसाला धीर द्यायचा आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने, लस असलेल्या दवाखान्यात ताबडतोब न्यायचं. साप पकडत किंवा मारत बसण्यात वेळ घालवायचा नाही.

जाता जाता एक गंमत सांगतो. इंग्रजीत बॅटरीला जे नाव पडलं त्याचा अर्थ 'लखकन चमकणारा दिवा' असा आहे. १८९९ साली अमेरिकेत हातात धरायच्या बॅटरीचं पेटंट दिलं गेलं, तेव्हा सेल इतके कमजोर होते की दिवा सलग पेटतच नसे. बटण दाबायचं, लखकन उजेड पडायचा आणि विझायचा. तिथून आपण अर्धा किलोमीटर झोत टाकणाऱ्या दिव्यापर्यंत आलो. त्यासाठी निळा एलईडी बनवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं, तर लिथियमचा सेल घडवणाऱ्या तिघांना २०१९ चं नोबेल पारितोषिक मिळालं. मामांच्या खुंटीवर टांगलेल्या त्या दोन बॅटऱ्यांत इतक्या माणसांची बुद्धी भरलेली आहे!

आता तुमच्यासाठी एक काम. घरातली बॅटरी घ्या. संध्याकाळी भिंतीपासून एक मीटरवर धरा आणि उजेडाच्या गोलाची रुंदी मोजा. मग दोन मीटरवरून मोजा, तीनवरून मोजा. रुंदी दुप्पट झाली की क्षेत्रफळ किती पट होतं, ते वहीत मांडा. 'अंतर दुप्पट, उजेड चौथाई' हे कुणी सांगायची गरजच पडणार नाही. मग पावलं मोजत घरापासून विहीर, गोठा, मोटार किती लांब आहे ते काढा आणि एका कागदावर लिहून दाराच्या मागे चिकटवा. पुढच्या वेळी बॅटरी घ्यायची झाली, की तो कागद मोठ्या माणसांच्या हातात द्या.

आणि रात्री पाण्याची पाळी असली, तुमचे अण्णा, दादा किंवा आई फावडं घेऊन निघाले, की अंथरुणातूनच का होईना, एक प्रश्न नक्की विचारा, "लांबची घेतली ते दिसतंय. पायाची घेतली का?"